दंडघेर अठरा इंच

तो आवाज अजून कानात आहे माझ्या. चर्रर्र करून वेल्क्रो सुटला, बीपीच्या मशीनचा कफ, म्हणजे दंडाला गुंडाळतात तो पट्टा, निसटून खाली लोंबायला लागला आणि तो टेक्निशियन मुलगा, असेल पंचवीस-सव्वीसचा, मला म्हणाला, "मॅडम, तुमचा हात बसत नाहीये."

नोकरीची मेडिकल होती. चौदा वर्षं एकाच ठिकाणी अकाउंट्स बघितल्यावर मला अंधेरीतल्या एका कंपनीत चांगली जागा मिळाली होती, पगार बरा, घरापासून थोडं लांब पण चालेल म्हटलं, जुन्या ठिकाणी राजीनामा देऊन झाला होता, तीस दिवसांचा नोटीस पिरियड सुरू होता. ऑफर लेटरमध्ये शेवटी एक ओळ होती, जॉइनिंगआधी मेडिकल फिटनेस. त्यासाठी त्यांनी लोअर परळच्या एका सेंटरला पाठवलेलं. नाव नाही घेत.

त्या दिवशी लिफ्ट बंद होती म्हणून तीन जिने चढून गेले, वर गेल्या गेल्या आधी वजन, मग उंची, मग लगेच बीपी. बसायला हातवाली प्लास्टिकची खुर्ची, जिच्यात माझ्या मांड्या दोन्ही बाजूंनी दाबल्या जातात, त्यामुळे मी पुढे टोकावर बसले, पाठ टेकलेली नाही, हात अधांतरी. ज्या जाड माणसांनी हे वाचलंय त्यांना ती खुर्ची माहीत असणार. मुलाने कफ कुर्त्याच्या बाहीवरूनच गुंडाळला, दोनदा सुटला, तिसऱ्यांदा त्याने वेल्क्रो हाताने दाबून धरला आणि बटण दाबलं, आणि हे सगळं चालू असताना तो मला विचारत होता, शुगर आहे का, थायरॉइड आहे का, घरात कोणाला आहे का, आणि मी उत्तरं देत होते. हात इतका आवळला की बोटं काळीनिळी झाली. १५८/९८. त्याने कागदावर लिहिलं आणि म्हणाला, "वजन कमी करा आधी, मग सगळं होईल."

मागे बाकावर सात-आठ माणसं बसलेली. सगळ्यांनी ऐकलं. मी "हो" म्हटलं. आता याचंच मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, की मी हो म्हटलं.

चार दिवसांनी एचआरचा मेल. तात्पुरतं अनफिट. कारण हायपरटेन्शन म्हणजे वाढलेलं बीपी, आणि ओबेसिटी म्हणजे लठ्ठपणा. वजन कमी करून तीन महिन्यांनी परत टेस्ट द्या. खाली रिपोर्ट जोडलेला, त्यात बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, ४१.९ लाल अक्षरात. वजन १०४ किलो, उंची पाच फूट दोन इंच. हे आकडे मी इथे मुद्दाम लिहितेय, कारण आयुष्यभर मी ते लपवले. रेल्वे पासच्या फॉर्मवर वय खरं लिहिणारी बाई मी, पण जिमच्या फॉर्मवर वजन दहा किलो कमी लिहायची.

तीन महिने म्हणजे मधले दोन महिने पगार नाही. होम लोनचा हप्ता, मुलीची आठवीची फी. नवरा म्हणाला बघू काहीतरी, पण रात्री तोही जागाच होता.

जाड असणं मला नवीन नाही हो. लालबागच्या चाळीत वाढले मी, शाळेत माझं नाव टुणटुण होतं. खूप नंतर कळलं की टुणटुण म्हणजे उमादेवी खत्री, पडद्यावर यायच्या आधी नौशाद साहेबांकडे गाणारी गायिका, १९४७ साली तिचं गाणं देशभर वाजत होतं. एवढ्या गुणी बाईचं नाव आपण पोरींना चिडवायला वापरलं आणि तिचा आवाज विसरून गेलो, याचं मला आजही खूप वाईट वाटतं. लग्नाच्या वेळी कांदेपोह्यांना आलेली माणसं "मुलगी जरा तब्येतीने आहे" म्हणून निघून जायची. आत्या दर गणपतीत मोदक वाढताना माझ्या ताटापाशी हात आखडता घ्यायची, माझ्या सडपातळ चुलतभावाला मात्र न विचारता पाच. असं सगळं. पण ते घरातलं, शेजारचं. कागदावर शिक्का मारून कोणी माझं पोट बंद केलं नव्हतं कधी.

मी निमूटपणे डॉक्टरकडे गेले. जवळचेच, नेहमीचे. त्यांनी रिपोर्ट बघितला, परत बीपी बघायची तसदी घेतली नाही, किंवा घेतली असती तरी त्यांच्याकडे पण तोच कफ. अ‍ॅम्लोडिपिन ५ ही बीपीची गोळी लिहून दिली आणि डाएटचा छापील कागद दिला. मी दोन्ही पाळलं. दहा-बारा दिवसांत सकाळी उठताना डोळ्यांसमोर अंधारी यायला लागली, आणि संध्याकाळी घोटे असे सुजायचे की चपलेचा पट्टा रुतून वळ उठायचा. परत डॉक्टरकडे. म्हणाले, "वजनाचा भार येतो ना पायांवर." आता १०४ किलो काही त्या दहा दिवसांत झाले नव्हते, आठ-नऊ वर्षं मी त्याच वजनाची आहे आणि घोटे कधी सुजले नव्हते. पण हे मला तेव्हा सुचलंच नाही. आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं ना, की जे काय दुखतंय त्याचं कारण आपणच आहोत, मग दुसरं कारण शोधायला डोकं जातच नाही.

त्याच आठवड्यात ट्रेनमध्ये एक गोष्ट झाली, ती सांगते कारण माझ्या लेखी सुरुवात तिथून झाली. भांडुपवरून मी लेडीज डब्यात चढते आणि उभीच राहते. तिघींच्या बाकावर सरकून मिळते ती चौथी सीट मागतच नाही. मागितली तर त्या तिघी एकमेकींकडे बघतात, मग माझ्याकडे वरून खाली बघतात, आणि एखादी म्हणते, "कुठे बसणार तुम्ही?" हे दोन-चार वेळा झालं की माणूस मागणं सोडतं. मी वीस वर्षं सोडलेलं. त्या दिवशी पाय इतके ठणकत होते की घाटकोपर आल्यावर मी म्हटलं, जरा सरका. तोच प्रश्न आला. मी म्हटलं, "माझ्याकडे पण पास आहे, पाय सुजलेत, सरका." आवाज थोडा चढलाच माझा. त्या सरकल्या. दादरपर्यंत मी अर्धी सीटवर अर्धी बाहेर बसून गेले, पण बसून गेले.

संध्याकाळी घरी येताना जिन्यात चक्कर आली. आमच्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर एक सिस्टर राहतात, चौतीस वर्षं महापालिकेच्या हॉस्पिटलमध्ये नोकरी करून रिटायर झालेल्या, मालवणच्या, सगळी बिल्डिंग त्यांना सिस्टरच म्हणते. त्यांनी मला आत बसवलं, पाणी दिलं, आणि सगळं ऐकून घेतलं. मी रडत रडत सांगत होते, की हात बसत नव्हता, की मशीनमध्ये पण माझा हात बसत नाही. त्यांनी माझा दंड हातात घेऊन बघितला आणि म्हणाल्या, "कफ ल्हान आसा गो, हात नाय मोठो."

मग त्यांनी जे समजावलं ते मी जसंच्या तसं लिहायचा प्रयत्न करते. कफच्या आत एक फुगा असतो. तो फुगा दंडाच्या घेराच्या साधारण ८० टक्के तरी गुंडाळला गेला पाहिजे, आणि त्याची रुंदी घेराच्या ४० टक्क्यांच्या आसपास. फुगा लहान पडला तर आतली रक्तवाहिनी दाबायला जास्त हवा भरावी लागते, आणि मशीनला वाटतं की हा जास्तीचा दाब म्हणजे तुमचं बीपी. म्हणजे आकडा खोटा वर जातो. नेहमीचा मोठ्या माणसांचा कफ साधारण २७ ते ३४ सेंटिमीटर दंडासाठी असतो. त्याच्यावरचा लार्ज ३५ ते ४४. त्याच्याही वर ४५ ते ५२, त्याला थाय कफ म्हणतात, मांडीचा कफ, पण मोठ्या दंडाला तोच लावायचा. वॉर्डमध्ये त्यांच्याकडे तिन्ही असायचे, "कपाटात असायचे, काढायचा कंटाळा सगळ्यांना," असं म्हणाल्या.

"दंड किती तुझा?" त्यांनी विचारलं. आणि मला तो आकडा पाठ होता! अठरा इंच. कारण ब्लाउज.

इथे मला आमच्या टेलर मास्टरांबद्दल सांगायचंच आहे. भांडुप स्टेशनच्या बाहेर त्यांचं दुकान, मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांच्याकडे शिवते. ते टेप लावतात आणि नुसते आकडे बोलतात, छाती अमुक, कंबर अमुक, मुंढा अमुक, दंडघेर अठरा, आणि आतला पोरगा वहीत उतरवतो. बस. अठरा म्हणताना त्यांचा आवाज बदलत नाही. "बारीक झाल्यावर टिपा मारून देईन" नाही, "अरे बापरे" नाही, कापड जास्त लागणार असेल तर सांगतात पन्नास सेंटिमीटर जास्त आणा. माझ्या आयुष्यात माझ्या शरीराचं माप घेऊन त्यावर एक शब्द न बोलणारा तो एकच माणूस. आणि ब्लाउज फिटिंगला एकदम बरोबर. त्यांना कधी वाटलं नाही की छत्तीसच्या मापात मला कोंबावं आणि उसवलं तर माझी चूक म्हणावं.

अठरा इंच म्हणजे जवळजवळ ४६ सेंटिमीटर. म्हणजे मला मधला मोठा कफ पण पुरला नसता. दोन साइज लहान कफ लावून माझं बीपी मोजलेलं, वर तो हाताने दाबून धरलेला.

त्या रात्री मी नवऱ्याबरोबर बसून वाचत गेले. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये १९५ माणसांवर केलेला एक अभ्यास सापडला, २०२३ साली जामा इंटर्नल मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात आलेला. ज्यांना सगळ्यात मोठा कफ लागतो त्यांना नेहमीचा लावला तर वरचा आकडा सरासरी १९.५ ने जास्त आला, खालचा ७.४ ने. मी कागदावर वजाबाकी केली. १५८ मधून १९.५. शिवाय तीन जिने. शिवाय बोलत होते. शिवाय पाठ टेकलेली नाही. हात अधांतरी. मी ती वजाबाकी तीनदा केली, अकाउंट्सवाली आहे ना, टोटल चुकलीय हे कळल्यावर झोप येत नाही.

बीएमआयचं पण वाचलं. तो फॉर्म्युला बेल्जियमच्या अडॉल्फ केटले नावाच्या गणितज्ञाने १८३० च्या दशकात काढला, तो लोकसंख्येचा सरासरी माणूस शोधत होता, डॉक्टर नव्हताच. बॉडी मास इंडेक्स हे नाव १९७२ साली अमेरिकेतल्या अँसल कीज यांनी दिलं. आणि ओबेसिटीची रेघ जागतिक आरोग्य संघटनेची ३० वर आहे तर आपल्याकडे भारतीयांसाठी २५ वर धरतात, कारण आपल्याकडे कमी वजनालाही शुगर, हार्टचे त्रास दिसतात. मी कुठल्याही रेघेने वरच आहे, ते मी नाकारत नाही. वजनाचा आणि बीपीचा संबंध असतो हेही मला माहितीये. पण म्हणून न मोजताच ठरवायचं का? संबंध असतो म्हणूनच तर नीट मोजायला पाहिजे ना. जिला बीपी असण्याची शक्यता जास्त तिच्याच हाताला बसेल असा कफ ठेवायचा नाही, हे कुठल्या हिशोबात बसतं, मला सांगा.

शनिवारी प्रिन्सेस स्ट्रीटला गेलो. मरीन लाइन्सला उतरून चालत, सर्जिकलच्या दुकानांची रांगच आहे तिथे. पहिल्या तीन दुकानांत "लार्ज आहे मॅडम, चालून जाईल". चालून जाईल हा शब्द मी आयुष्यभर ऐकलाय, कपड्यांच्या दुकानात, चपलांच्या दुकानात. मी पर्समधून शिलाईची टेप काढून दुकानातच फुग्याची लांबी मोजायला लागले, नवरा जरा अवघडला पण काही बोलला नाही. चौथ्या दुकानात काकांनी माळ्यावरून धूळ बसलेला खोका काढला, थाय कफ, आणि म्हणाले की हे हॉस्पिटलवालेच नेतात, घरी कोणी नेत नाही. बाराशेच्या आसपास पडला. साध्या डायलवाल्या यंत्राला तो लागतो, यंत्र सिस्टरांकडे होतंच.

पहिल्यांदा तो दंडावर गुंडाळला तेव्हा... कसं सांगू. तो सहज गुंडाळला गेला आणि वर थोडा उरला. दुखलं नाही. मला वाटायचं बीपी मोजताना दुखतंच, सगळ्यांनाच दुखत असेल. अडतीस वर्षांची आहे मी.

गोळी चालू असताना सिस्टरांनी घेतलेला आकडा ११०/६८. त्यांनी चष्मा वर करून परत घेतला. ११२/७०. "म्हणून चक्कर येता तुका." आणि घोट्यांचं पण त्यांनीच सांगितलं, की अ‍ॅम्लोडिपिनने पाय सुजणं ही नेहमी दिसणारी गोष्ट आहे, वॉर्डमध्ये रोज बघितलेली. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करायची नाही म्हणून दम दिला. हे मी पण सांगते, कृपया कोणी हे वाचून गोळ्या बंद करू नका. त्यांनी परळच्या एका फिजिशियन बाईंकडे पाठवलं, त्यांनी आधी माझा दंड मोजला, मग कफ लावला, मग सगळं ऐकून गोळी थांबवली आणि पंधरा दिवस लिहून आणा म्हणाल्या.

पद्धत अशी होती. सकाळी चहाच्या आधी आणि रात्री जेवायच्या आधी. लघवीला जाऊन यायचं. पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकून, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, हात टेबलावर छातीच्या पातळीला. बाही वर सरकवून तिचा आवळ बसू द्यायचा नाही, हात मोकळाच हवा. मोजताना बोलायचं नाही. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा. पहिल्या दिवसाचे आकडे धरायचे नाहीत. मी वही केली, मुलीने रेघा मारून दिल्या. पंधरा दिवस सिस्टर सकाळ-संध्याकाळ जिना चढून आल्या, एकदाही पैशाचं बोलू दिलं नाही. सरासरी निघाली १३१/८३. घरी मोजलेलं १३५/८५ च्या आत असलं तर हायपरटेन्शन म्हणत नाहीत. काठावर आहे, लक्ष ठेवायचं, मीठ कमी, चालणं, सहा महिन्यांनी परत, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि दोन ओळींचं पत्र दिलं, की रुग्णाच्या दंडाचा घेर ४६ सेमी असून योग्य मापाच्या कफनेच मोजणी व्हावी.

एचआरला मेल लिहायला मला दोन रात्री लागल्या. आधी मला वाटलं कायदा दाखवावा. शोधलं तर आपल्याकडे खासगी नोकरीत वजनावरून भेदभाव करू नका असा वेगळा कायदाच नाही. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात १९७६ पासून आहे, न्यूयॉर्क शहरात २०२३ पासून. आपल्याकडे नाही. म्हणून मग मी माझ्याबद्दल दयामाया असं काही लिहिलंच नाही. तुमच्या सेंटरने चुकीच्या मापाचं साधन वापरलं, त्यामुळे आकडा चुकला, चुकलेल्या आकड्यावर तुम्ही निर्णय घेतला, ही वही, हे पत्र, योग्य कफ लावून परत मोजा. आणि मेडिकल रिपोर्टमध्ये वापरलेल्या कफचं माप लिहा. एवढंच. ऑडिट क्वेरी लिहितात तसं.

आधी उत्तर आलं की पॉलिसी तीन महिन्यांची आहे. मी परत लिहिलं की पॉलिसी बीपी असणाऱ्यांसाठी आहे, मला बीपी आहे हेच सिद्ध झालेलं नाही. तीन दिवस शांतता. मग फोन आला, परत या.

गेले, कफ पिशवीत घालून. तोच मुलगा. म्हणाला बाहेरचा कफ लावता येत नाही. मी म्हटलं, मग तुमचा लावा, पण आधी माझा दंड मोजा. टेप नव्हती, मी दिली. त्याने मोजला, ४६, आणि मग कफवर छापलेलं वाच म्हटलं. प्रत्येक कफवर छापलेलं असतं हो, कुठल्या मापासाठी आहे ते, आणि एक रेघ असते, ती दोन खुणांच्या मध्ये आली नाही तर तो कफ तुमचा नाही. २२ ते ३२. त्याने ते आयुष्यात पहिल्यांदा वाचलं असणार, त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. माझा राग तिथे थोडा उतरला. त्यालाही कोणी शिकवलं नव्हतं, दिवसाला साठ-सत्तर माणसं, दोन मिनिटांत एक. तो आत जाऊन मोठ्या डॉक्टरांना घेऊन आला. ते आधी वैतागले, "तुम्ही फार मनावर घेता" म्हणाले. मी म्हटलं, "सर, माझी नोकरी गेलीय यावर." बाकावर यावेळी पण माणसं होती. माझा आवाज कापत होता पण मी हळू बोलले नाही.

त्यांनी माझा कफ स्वतःच्या डायलवाल्या यंत्राला लावला. मी दुसरी खुर्ची मागितली, बिनहाताची. पाच मिनिटं बसले, सगळे माझ्याकडे बघतायत आणि मी गप्प बसलेय, ती पाच मिनिटं फार लांब होती. १३६/८६. एक मिनिटाने १३२/८४. फिट. खाली "वजन कमी करण्याचा सल्ला" छापलेलंच होतं, ते काही पुसलं गेलं नाही. पण मोजणीच्या ओळीत पेनने लिहून दिलं, थाय कफ. जॉइनिंग मला सतरा दिवस उशिरा मिळालं, सतरा दिवसांचा पगार गेला तो गेलाच.

आता आईचं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आई लालबागलाच असते, माझ्यासारखीच अंगाने, तिच्याकडूनच आलंय मला हे. तिला अकरा वर्षं बीपीच्या गोळ्या चालू. मला वाटलं हिचं पण खोटंच असणार! मोठ्या उत्साहाने कफ घेऊन गेले, तिचा दंड मोजला, ४५, पद्धतशीर पाच मिनिटं बसवलं. १७२/१०४. परत घेतलं. १६८/१०२. बरोबर कफने. मी घाबरून विचारलं गोळ्या घेतेस ना, तर कळलं दीड वर्ष ती डॉक्टरकडे गेलीच नाहीये. जुन्या गोळ्या पुरवून पुरवून, एक दिवसाआड घेत होती. का, तर तिथला कंपाउंडर बाहेर सगळ्यांसमोर काट्यावर उभं करतो आणि आकडा मोठ्याने ओरडून सांगतो. "ब्याण्णव!" म्हणून. आणि डॉक्टर म्हणतात, मागच्या वेळी सांगितलं होतं ना कमी करा, मग कशाला आलात. ती म्हणाली, "मग म्हटलं, कमी झालं की जाईन." एकाहत्तर वर्षांची बाई, वजन कमी झाल्याशिवाय डॉक्टरकडे जायची तिला लाज वाटत होती.

मी तिथेच स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून राहिले. माझं बीपी नव्हतं आणि मला गोळी दिली, हिला खरंच होतं आणि हिची गोळी सुटली, आणि दोन्हीकडे कारण एकच. २०२० साली नेचर मेडिसिन या नियतकालिकात जगभरातल्या तज्ज्ञांनी मिळून एक निवेदन काढलंय, त्यात हेच आहे की वजनावरून लाज काढल्याने माणसं उपचारांपासून लांब जातात. ते मी मेल लिहिताना वाचलं होतं, तेव्हा डोक्यात माझंच चाललेलं. आई समोर बसलेली असताना कळलं.

सोमवारी सुट्टी काढून तिला घेऊन गेले. त्याच डॉक्टरकडे, कारण तिला दुसरीकडे जायचं नव्हतं. काट्यापाशी मी उभी राहिले आणि कंपाउंडर दादांना सांगितलं, आकडा बोलायचा नाही, लिहायचा. ते म्हणाले त्यात काय एवढं. मी म्हटलं काही नाही, फक्त लिहायचा. त्यांनी लिहिला. आत डॉक्टरांना मी सांगितलं की ही दीड वर्ष का आली नाही. ते जरा वेळ काही बोलले नाहीत, मग आईला म्हणाले, "काकू, असं नका करू, वजन असू दे, तुम्ही येत जा." आई घरी आल्यावर दोनदा ते वाक्य म्हणून दाखवत होती, वजन असू दे म्हणाले, येत जा म्हणाले. तिच्या गोळ्या नीट लागल्यात आता, गेल्या वेळी १३८ होतं.

ट्रेनमध्ये मी हे सगळं आमच्या ग्रुपला सांगितलं. सकाळच्या गाडीत आता माझ्या पर्समध्ये टेप असतेच, भांडुपपासून घाटकोपरपर्यंत आठ जणींचे दंड मोजून झाले, पाच जणींचे ३४ च्या वर निघाले. त्यातल्या एकीलाही कधी कोणी मोठा कफ लावलेला नाही. मुलुंडहून चढणारी एक ताई आहे, दोन महिन्यांनी तिचं गर्भाशयाचं ऑपरेशन आहे आणि बीपी जास्त म्हणून दोनदा पुढे ढकललंय. तिचा दंड ४५.

कफ आत्ता तिच्याकडे आहे. उद्या तिची तपासणी आहे, टेपही दिलीय, बिनबाह्यांचा कुर्ता घालून जा म्हणून सांगितलंय आणि कफवरची रेघ कुठे बघायची ते खडूने खूण करून दिलंय. शुक्रवारच्या गाडीत परत आणून देणार आहे, कारण शनिवारी आईला लालबागला मोजायचंय.